दोन रविवार आणि एक सायकल

पुण्याच्या बुधवार पेठेत ज्याचे आयुष्य गेले, त्यास सायकलीविषयी नवे काही सांगावयास जाणे म्हणजे वारकऱ्यास पंढरीची वाट दाखविण्यासारखे आहे, असे आमच्या लहानपणी खुशाल म्हणता येत असे. तांबड्या जोगेश्वरीपासून तुळशीबागेपर्यंत आणि अप्पा बळवंत चौकापासून पासोड्या विठोबापर्यंत कोणत्याही वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत शिरावे, तो चौकाच्या भिंतीस दोन-चार सायकली टेकलेल्या दिसावयाच्याच. सायकलीवर महानगरपालिकेचा बिल्ला नसला तर दंड, रात्री दिवा नसला तर दंड, आणि मागे कोणास बसवून डबलसीट नेले तरी दंड. या तिन्ही दंडांच्या कथा प्रत्येक घरी होत्या आणि त्या चवीने सांगितल्या जात. आज ते चित्र पालटले आहे. शिवाजी रस्त्यावर दगडूशेठ गणपतीसमोर सकाळी दहा वाजता उभे राहिले, तर शंभर स्वयंचलित दुचाक्या निघून जातात तेव्हा कोठे एखादी सायकल दृष्टीस पडते. तीही बहुधा दूधवाल्याची किंवा वृत्तपत्रे टाकणाऱ्या मुलाची.

परंतु रविवारी पहाटे पाच वाजता याच रस्त्यावर एक निराळीच जात दिसू लागते. डोक्यास शिरस्त्राण, अंगास चिकटून बसणारा पोशाख, आणि खाली करंगळीने उचलता यावी अशी सायकल. या मंडळींत आमचा पुतण्या आहे. त्याच्या सायकलीची निवड गेल्या वर्षी आमच्या घरात कशी झाली, त्याची ही हकीकत. एका घरची गोष्ट चारचौघांत सांगावी की नाही, याचा मी विचार केला. पण त्या निवडीत यंत्रापेक्षा घराचाच प्रश्न अधिक होता, आणि तो प्रश्न वाचकांपैकी अनेकांच्या घरी निराळ्या रूपाने आलाच असेल.

आमच्या वाड्यात आजवर एकच खरी सायकल होती, ती अण्णांची; म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा १९६१ साली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीस लागले, आणि पुढल्याच वर्षी त्यांनी हप्त्याने रॅले घेतली. ही सायकल आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली. पोलादी सांगाडा, साखळीवर झाकण, मागे कॅरिअर, पुढे डायनामोचा दिवा, आणि वजन वीस किलोच्या आसपास. या एका सायकलीवर अण्णा कारखान्यात गेले, काका मंडईत गेले, आत्या कॉलेजात गेली, आणि पुढच्या दांडीवर बसून आम्ही सर्व भावंडे शाळेत गेलो. आसन वरखाली करण्यासाठी एक पाना देवडीत खुंटीवर कायम टांगलेला असे. ज्यास जायचे असेल त्याने पाना घ्यावा, आसन आपल्या मापाचे करावे आणि निघावे. सायकल कोणाची, हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही.

पुतण्याने चार वर्षांपूर्वी पहिली शर्यतीची सायकल घेतली, ती दुकानात पाहताक्षणी डोळ्यांत भरली म्हणून. विक्रेत्याने मापे घेण्याचा फारसा त्रास घेतला नाही. सवलतीत शिल्लक असलेली एक नग त्याच्या गळ्यात बांधली. ती दोन मापांनी मोठी निघाली. हात ताणून चालवायचे, त्यामुळे शरीराचा भार तळहातांवर. वर्षभरात दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट बधिर होऊ लागले. डॉक्टरांनी सांगितले की, तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जात आहे. सायकल बदला किंवा सायकल सोडा. मुलाचा चेहरा उतरला. फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्ट बंदरास जाऊन परत पॅरिसकडे येण्याची बाराशे किलोमीटरांची एक दौड असते. ती प्रथम १८९१ साली झाली. आता दर चार वर्षांनी होते, आणि हौशी मंडळींस ती नव्वद तासांत पुरी करावी लागते. पुढील खेप २०२७ सालची. त्या वर्षी दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरांच्या दौडी ठरलेल्या वेळात पुऱ्या करील, त्यासच तेथे प्रवेश. एवढे एक स्वप्न त्याने मनाशी धरले होते.

त्याने नोकरीतून तीन लक्ष रुपये साठविले होते. गणेशोत्सव आटोपल्यावर एका रात्री जेवणानंतर त्याने विषय काढला, तेव्हा वहिनी, म्हणजे त्याची आई, पानांवरून उठता उठता मला म्हणाल्या, "भावोजी, तीन लाखांची सायकल! आणि ती त्याच्याशिवाय कोणी चालवायची नाही म्हणतो. आपल्या घरात आजपर्यंत अशी वस्तू आली आहे का हो?"

वहिनींस पैशाचे दुःख नव्हते. पैसा मुलाच्या कष्टाचा होता. त्यांस जे बोचले ते दुसरेच होते. पुतण्याची धाकटी बहीण तेथेच उभी होती. तीही भावाच्या जुन्या सायकलीवर पाषाणपर्यंत जाऊन येते. मात्र ती सायकल तिला भावाहूनही मोठी पडते. ती काही बोलली नाही. अण्णा सुपारी कातरीत होते. ते एवढेच म्हणाले, "पितृपक्ष आहे, आत्ता काही घ्यायचे नाही. तोवर ज्या दोन मनात आहेत त्या कोणाकडून मागून आण, सिंहगडावर जाऊन ये, आणि मग बोल."

येथे वाचकांस थोडी माहिती दिली पाहिजे. उंची सडकी सायकलींची मुख्यतः दोन कुळे आहेत. एक शर्यतीचे, दुसरे दूरच्या पल्ल्याचे. प्रत्येक मोठा कारखाना दोन्ही करतो : तैवानच्या जायंट कंपनीची टी.सी.आर. शर्यतीची, तर डिफाय पल्ल्याची. अमेरिकेच्या स्पेशलाइज्डची टारमॅक शर्यतीची, तर रुबे पल्ल्याची. दोहोंचे सांगाडे कार्बनच्या तंतूंचे, आणि किंमतही सारखीच चढलेली. भेद आहे तो सांगाड्याच्या मापांत. पेडलांच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंत उभी उंची मोजतात, तिला स्टॅक म्हणतात. त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. शर्यतीच्या सायकलीत उंची कमी आणि अंतर अधिक, म्हणजे स्वार वाकून वाऱ्यास चुकवितो. पल्ल्याच्या सायकलीत उंची अधिक आणि अंतर कमी, म्हणजे पाठ थोडी उभी राहते व हातांवरचा भार उतरतो. शिवाय पल्ल्याच्या सायकलीत रुंद टायरांस जागा असते : आजच्या टारमॅकमध्ये बत्तीस मिलिमीटरपर्यंतचे टायर बसते, रुबेमध्ये चाळीसपर्यंतचे. रुबे हे नावच उत्तर फ्रान्समधल्या त्या गावाचे आहे, जेथे फरसबंदीच्या खडबडीत वाटेवरून जाणारी जुनी शर्यत संपते.

त्याच्या सायकल-मित्रांपैकी एकाकडे शर्यतीची होती, दुसऱ्याकडे पल्ल्याची. दोन्ही त्याच्या मापाच्या. पहिली काही वर्षांपूर्वीची, ७.४ किलो वजनाची. दुसरी नवी, ८.९ किलोंची. १४ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. तो पहिल्या सायकलीवर, आणि मी पंप व ट्यूबा घेऊन मागून स्कूटरवर. उत्सवास आठवडाच लोटला होता. मांडवांचे बांबू अद्याप कडेला रचलेले होते, आणि त्यांच्यासाठी रस्त्यात खणलेले खड्डे बुजावयाचे राहिले होते. समोर भिडे वाड्याची जागा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा १८४८ साली जेथे काढली तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला, आणि त्या ठिकाणी स्मारक व्हावयाचे ठरले. इतक्या पहाटे रस्त्यावर हारवाल्यांखेरीज कोणी नसते. भिजलेल्या शेवंतीचा वास मात्र सर्वत्र असतो.

शिवाजी रस्त्याने स्वारगेट, पर्वतीच्या पायथ्यावरून दांडेकर पूल, आणि मग सिंहगड रस्ता. हा रस्ता म्हणजे सायकलीची खरी परीक्षा : कोठे गुळगुळीत काँक्रीट, कोठे त्याच्या सांध्यांचे ठेचे, कोठे उघडे चेंबर, आणि अचानक समोर येणारे गतिरोधक. शर्यतीची सायकल गुळगुळीत भागावर बाणासारखी सुटे. मी स्कूटरवरून पाहात होतो, मुलाच्या पायांतला जोर जराही वाया न जाता चाकात उतरत होता. परंतु सांधे आले की त्याचे खांदे थरथरत. धायरी, नांदेड गेले आणि खडकवासल्याचे पाणी दिसले. हेच धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्याने फुटले. अण्णा त्या दिवशी कारखान्यातून परतताना मुठेच्या पलीकडेच अडकले होते. नोकरीस लागून त्यांस पुरता महिनाही झाला नव्हता.

डोणजे मागे टाकून गोळेवाडीस आलो, तेथून घाट सुरू होतो. सुमारे नऊ किलोमीटर चढ, आणि काही वळणे अशी की मोटारीचेही इंजिन कण्हते. मुलगा अठ्ठावन्न मिनिटांत वर पोहोचला. पुणे दरवाजाखाली गडवालीने मडक्यातले दही पुढे केले, तेव्हा तो आनंदाने फुलला होता. "काका, ठरले! हीच." मी काही बोललो नाही. उतरताना पावसाची भुरभुर आली. त्या सायकलीचे ब्रेक चाकाच्या धावेवर दाबणारे होते. ओल्या धावेवर ते क्षणभर धरीतच नाहीत, आणि मग एकदम धरतात. एका वळणावर तो माझ्या डोळ्यांदेखत रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. खडकवासल्यास चहास थांबलो, तेव्हा त्याने कपबशी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, आणि पुन्हा डाव्या. मी विचारले, "बोटे?" त्याने मान खाली घातली.

दुसरा रविवार सर्वपित्री अमावास्येचा. दुपारच्या पानांस घरी असलेच पाहिजे, असे वहिनींनी बजावून सांगितले होते, म्हणून अर्धा तास आधीच निघालो. या खेपेस पल्ल्याची सायकल. तिला बत्तीस मिलिमीटरांचे टायर, आणि ब्रेक चाकाच्या मध्याशी बसविलेल्या पोलादी चकतीवर धरणारे. पूर्वी समजूत अशी होती की, टायर जितके बारीक आणि हवा जितकी कडक, तितका वेग अधिक. काचेसारख्या रस्त्यावर ते खरेही असेल. पण खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक ठेच्यासरशी सायकल आणि स्वार या दोघांसही वर उडविते, आणि त्या उडण्यात जोर वाया जातो. रुंद टायरात हवा कमी ठेवता येते. ठेचा टायर गिळते, माणूस नाही. शर्यतीच्या मैदानातली मोठी मंडळीही अलीकडे रुंद टायरांकडे वळली आहेत, ती सुखासाठी नव्हे, वेगासाठीच.

घाटात मी घड्याळ लावले. अठ्ठावन्न मिनिटे, चाळीस सेकंद. दीड किलो वजन अधिक, आणि फरक चाळीस सेकंदांचा! हे कसे, म्हणून वर बसल्या बसल्या आम्ही कागदावर हिशेब मांडला. मुलाचे वजन सहासष्ट किलो. कपडे, पाणी मिळून आणखी दोन. पहिल्या सायकलीसह एकूण ७५.४, दुसरीसह ७६.९. म्हणजे चढावर उचलावयाचे ओझे शेकडा दोन वाढले; अठ्ठावन्न मिनिटांचे शेकडा दोन म्हणजे सुमारे सत्तर सेकंद. त्यांतले तीस सेकंद बहुधा दातांच्या चक्रांनी परत मिळविले. पहिल्या सायकलीवर पुढचे लहान चक्र छत्तीस दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे तिसांचे. एका फेऱ्यास सायकल अडीच मीटर पुढे जाई. दुसरीवर पुढे चौतीस, मागेही चौतीस. एका फेऱ्यास दोन मीटरांहून थोडे अधिक. उभ्या वळणावर ताशी आठ किलोमीटर वेग राखावयाचा तर पहिलीवर मिनिटास त्रेपन्न फेरे, गुडघ्यांवर जोर देऊन. दुसरीवर त्रेसष्ट, हलक्या पायाने. अर्थात एका सकाळच्या वाऱ्याने असे आकडे इकडचे तिकडे होतात, तेव्हा त्यांस वेदवाक्य मानू नये. पण दीड किलोसाठी लक्षभर रुपये मोजण्यापूर्वी असा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा.

उतारावर रस्ता ओलाच होता. चकतीचे ब्रेक दोन बोटांनी, हळूहळू, हवे तेवढेच धरीत होते. खडकवासल्यास तो थांबलाच नाही. पानांच्या वेळेस आम्ही घरी होतो, आणि त्याने दोन्ही हातांनी पाट उचलून मांडले. वहिनींनी ते पाहिले.

त्या रात्री पुन्हा बैठक बसली. मुलगा आता पल्ल्याच्या सायकलीवर आला होता, तरी एक मोह उरलाच होता : विजेवर चालणारे गिअर. जपानच्या शिमानो कंपनीच्या ड्युरा-एस आणि अल्टेग्रा या वरच्या दोन श्रेणींची नवी आवृत्ती विजेवरचीच मिळते. त्याखालच्या १०५ श्रेणीत मात्र तारेने ओढावयाचे गिअरही आहेत, आणि तेही मागे बारा चक्रांचे. बोट टेकले की गिअर बदलतो, यात सुख आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु फ्रान्समध्ये तिसऱ्या रात्री एखाद्या खेड्यात काही बिघडले, तर तार कोणीही बदलून देईल. शिवाय सांगाडा, मापे, टायर आणि ब्रेक यांनी त्याचे हात वाचणार होते. विजेच्या गिअरांनी त्यांत काही भर पडणार नव्हती.

अण्णा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी विचारले, "तारेची घेतली तर किती उरतात?" मुलाने आकडा सांगितला. ऐंशी हजारांच्या आसपास उरत होते.

"मग उरलेल्यात हिच्या मापाची एक येईल का?" अण्णांनी नातीकडे बोट केले.

सगळे गप्प झाले. पोरगी म्हणाली, "अण्णा, मला दादाची जुनी चालेल." त्यावर अण्णा म्हणाले, "न चालायला काय झाले? त्याला चालतच होती. त्याची बोटे विचार. अगं, तुझी आत्या माझी रॅले चालवीत असे, तेव्हा आसन कितीही खाली केले तरी तिचे पाय पुरत नसत. दर आठवड्याला गुडघा फोडून यायची. आम्ही म्हणत होतो, सायकल सगळ्यांची आहे. खरे म्हणजे ती माझ्या मापाची होती, आणि बाकीचे सगळे माझ्या मापात बसत होते."

मी पंचावन्न वर्षांचा आहे. परंतु देवडीतल्या त्या पान्याचा असा अर्थ मला त्या रात्रीपर्यंत लागला नव्हता. वहिनीही काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी मुलीस जवळ बोलावून भिंतीशी उभे केले, आणि शिवणाच्या पेटीतली फीत काढली. पायांची आतली लांबी मोजून तिला ०.८८३ ने गुणावे, म्हणजे पेडलांच्या आसापासून आसनाच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, असा एक जुना ठोकताळा सायकलवाल्यांत आहे. भावाची लांबी ऐंशी सेंटिमीटर, म्हणून त्याची उंची ७०.६. बहिणीची निघाली एकाहत्तर सेंटिमीटर. म्हणजे आसन ६२.७ वर. दोघांत जवळजवळ आठ सेंटिमीटरांचे अंतर! ठोकताळा हा आरंभ समजावा. पुढचे काम जाणत्या माणसासमोर प्रत्यक्ष सायकलीवर बसूनच होते. पण घरात फितीने मापे घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये, एवढे आम्ही एकदा पोळून शिकलो.

विजयादशमी २ ऑक्टोबरास होती. त्या दिवशी डिफाय घरी आली : बहिणीच्या पसंतीच्या हिरव्या रंगाची, कारण भावाने रंगाचा हक्क तिला दिला होता. तिच्याबरोबर लहान मापाची, अॅल्युमिनियमची, साधी पण नेटकी दुसरीही आली. विकत घेताना दुकानदाराने एक गोष्ट आपणहून सांगितली, ती येथे नमूद करतो : पोलादाचा सांगाडा आपटला तर वाकतो, आणि वाकला की दिसतो, कार्बनचा सांगाडा वरून धड दिसूनही आत तडकलेला असू शकतो. म्हणून मोठी आपटी बसल्यास जाणत्यास दाखविल्याशिवाय पुन्हा स्वार होऊ नये.

दुपारी चौकात तिन्ही सायकली ओळीने उभ्या केल्या. वहिनींनी तिघींस हळदकुंकू वाहिले, झेंडूचे हार घातले, आणि आपट्याची पाने ठेविली. रॅलेच्या चाकांत हवा नव्हती, तरी तिचा मान पहिला. पूजा झाल्यावर अण्णा काठी टेकीत देवडीत गेले आणि खुंटीवरचा पाना काढून घेऊन आले. नव्या सायकलींच्या आसनास तो लागत नाही. तेथे षट्कोनी किल्ली लागते. अण्णांनी तो नातीच्या हातात दिला आणि म्हणाले, "रॅलेची हवा भर, आणि आसन वर कर. तुझ्या काकाला चालवायची आहे. आता पंचावन्न वर्षांचा झाला, त्याच्या मापाने कर."